दाराआडचं इंग्रजी

पुढं आयुष्यभर मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. कितीतरी मुली हाताखालून गेल्या, त्यांचे चेहरे आता एकमेकींत मिसळून गेले आहेत. पण माझा सगळ्यात पहिला विद्यार्थी पन्नाशीला टेकलेला होता, आणि तो वाचत असताना त्याचा चेहरा मला एका दुपारीखेरीज कधी दिसला नाही. ऐकू यायचा तो फक्त आवाज. हा विद्यार्थी म्हणजे माझे सासरे.

माझं माहेर बार्शीचं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती आणि माझं सासर, तुळजापूर, निजामाच्या. माझं लग्न ठरलं तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी आमच्या आळीतल्या बायका ‘पोरगी मोगलाईत दिली’ असं अशा सुरात म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, मला थेट बगदादला धाडतायत. मी मॅट्रिक झालेली. आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर मोठे खाष्ट. ओळीतलं प्रत्येक अक्षर बोटाखालून गेल्याशिवाय पुढची ओळ वाचू द्यायचे नाहीत. त्यामुळं माझं इंग्रजी फार नसलं तरी पक्कं होतं. सासरी मात्र इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. सासरे आणि नवरा, दोघं उर्दू शाळेत शिकलेले. सासूबाईंना कुठलंच अक्षर येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

देवळाच्या खालच्या उतारावर एका बोळात आमचं भाड्याचं घर होतं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, मधे एक दार. त्या दाराला लोखंडी कडी होती, आणि ही कडीच आमच्या घरात माझी जीभ होती. सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. ताट वाढलं, कडी वाजवायची. बाहेर पाणी ठेवलं, कडी वाजवायची. कुणी दाराशी आलंय आणि सासूबाई देवळात गेल्यात, तरी कडीच. मामंजींना मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना म्हणायचे, ‘अगं, तिला सांग.’ मी तीन हातांवर उभी असायची आणि सगळं ऐकत असायची, तरी सासूबाई आत येऊन तेच वाक्य मला पुन्हा सांगायच्या. पहिले काही महिने मला हसू यायचं, नंतर चीड यायला लागली, आणि मग सवय झाली.

मामंजी तहसील कचेरीत पेशकार होते. पेशकार म्हणजे साहेबासमोर उभं राहून कागद वाचून दाखवणारा. निजामाच्या काळात सगळं दफ्तर उर्दूत, तेही घाईच्या मोडक्या अक्षरात. नुक्ते, म्हणजे अक्षरांवरची टिंबं, लिहिणाऱ्यानं बहुतेक गाळलेली असायची. नव्या माणसाला तो कागद मुंग्या चालून गेल्यासारखा दिसायचा. मामंजी मात्र कागद हातात घेत, एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकत आणि वाचत सुटत. तेर, येरमाळा, पार माकणीपासून माणसं जुने कागद घेऊन घरी यायची. कचेरी सुटल्यावर मामंजी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून वाचून दाखवायचे. मला उर्दूतलं काही कळत नसे, पण त्या आवाजाचा डौल असा होता की तव्यावरची भाकरी करपायची आणि मी तशीच बसलेली असायची. इतकं चांगलं वाचणारा माणूस मी नंतर कधी ऐकला नाही.

राज्य बदललं तेव्हा कचेरीत मराठी आली. ते त्यांनी निभावलं, घरचीच भाषा. मग आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला आणि वरून येणारे हुकूम इंग्रजीत यायला लागले. नवे साहेब तिकडचे. त्यांनी जुन्या माणसांना सांगून टाकलं की साहेबासमोर कागद वाचायचा असेल तर इंग्रजीची खात्याची परीक्षा द्यावी लागेल, आणि ती एकदाच देता येईल. न पाहिलेला हुकूम मोठ्यानं वाचायचा आणि त्याचा मतलब मराठीत सांगायचा. नापास झालेल्यांची नोकरी जाणार नव्हती. त्यांना दफ्तरखान्यात बसवणार होते. तिथं मागच्या खोलीत जुने कागद फडक्यात बांधून फळीवर रचायचे, इतकंच काम. ज्या माणसाच्या वाचण्याला लोक कोसांवरून यायचे त्याला आता कागदांच्या गाठी मारत बसावं लागणार होतं. मामंजी हे घरी एका वाक्यात बोलले आणि जेवायला बसले. भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

सासूबाईंनीच विषय काढला. ‘तिला येतंय की. मॅट्रिक झालीय ती.’ बाहेर हात धुतल्याचा आवाज आला. मग मामंजी म्हणाले, ‘विचार तिला. दाराआडून सांगता येईल म्हणावं का?’

माझ्या मनात आलं, दाराआडून काय कपाळ सांगणार? पण मी सासूबाईंजवळ ‘हो’ म्हणून पाठवलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. त्या घरात माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग होता.

माझ्या ट्रंकेत शाळेतलं इंग्रजीचं जुनं पुस्तक होतं. ते बाहेर गेलं. सकाळी देवळातला चौघडा झाला, मामंजींची पूजा आटोपली की आमचा वर्ग सुरू व्हायचा. मामंजी दाराच्या पलीकडं पाटावर, मी अलीकडं चुलीपाशी, आणि सासूबाई उंबऱ्यात, निवडायचं सूप मांडीवर घेऊन. पहिल्या दिवशी काही केल्या धडा सापडेना. सासूबाई वाकून बघून आल्या आणि मला म्हणाल्या, पुस्तकात सगळी शब्दांची यादीच आहे म्हणतायत. मग माझ्या लक्षात आलं. मामंजींनी पुस्तक उजवीकडून उघडलं होतं, उर्दू पुस्तक उघडतात तसं, आणि ते शेवटच्या पानापासून पहिला धडा शोधत होते. मी पदर तोंडात कोंबून हसले. सासूबाईही हसल्या, कशाला हसायचं ते न कळता.

अक्षरओळख लवकर झाली. त्यांची बुद्धी तल्लख होती, त्यात शंकाच नव्हती. मी आतून म्हणायची, ते बाहेरून म्हणायचे. कानावर पडलेलं त्यांच्या ध्यानात राहायचं, आणि उच्चार तर माझ्यापेक्षा भारदस्त. धडे सुरू झाले तसं अडायला लागलं. पुस्तक एकच, ते बाहेर. मला ते जवळजवळ पाठ होतं, म्हणून आतून चूक कळायची. पण ती सांगायची कशी?

मी सासूबाईंना म्हणायची, ‘आत्याबाई, तिसऱ्या ओळीत चुकलं.’ सासूबाई बाहेर तोंड करायच्या, जरा घुटमळायच्या आणि म्हणायच्या, ‘ती म्हणते, छान होतंय. एकदा परत वाचा म्हणते.’ मामंजी परत वाचायचे, तीच चूक घेऊन, आणखी ठसक्यात. मी सासूबाईंकडं बघायची. त्या सुपातले खडे निवडायच्या. नंतर एकदा मी विचारलं, तुम्ही चुकलं असं का सांगत नाही? त्या म्हणाल्या, ‘इतकी वर्षं झाली लग्नाला, मी कधी त्यांना चुकलं म्हटलं नाही. आता या वयात म्हणू?’ त्यांचं बरोबरच होतं. माझी प्रत्येक दुरुस्ती त्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि तिथंच मरायची.

शेवटी मामंजींनीच तोड काढली. त्यांनाही कुठंतरी समजत असावं की इतकं काही छान होत नाहीये. ते म्हणाले, ‘तिला सांग, चुकलं की कडी वाजव.’ सासूबाईंना फार बरं वाटलं. कडी वाजवण्यात कुणाचा अपमान नव्हता. कडी रोजच वाजत होती.

मग असं सुरू झालं. ते वाचायचे, चुकलं की मी कडी वाजवायची. ते थांबायचे, मागं जायचे, पुन्हा वाचायचे. पहिले काही दिवस मलाही वाटलं, जमलं. मी भाजी निवडता निवडता एक हात कडीवर ठेवून बसायची आणि स्वतःला मोठी मास्तरीण समजायची.

एक दिवस शेतकऱ्याचा धडा आला. पुस्तकात होतं की शेतकरी मार्केटला गेला. मामंजींनी वाचलं, ‘दि फार्मर वेंट टु दि मॅजिस्ट्रेट.’ मी कडी वाजवली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मिनिस्टर.’ कडी. ‘मास्टर.’ कडी. ‘मदर.’ कडी. मग कुठं ‘मार्केट’ आलं, मी गप्प राहिले, आणि ते समाधानानं पुढं गेले. माझा हात कडीवर तसाच राहिला. चिरलेलं वांगं काळं पडायला लागलं तरी मी बसून होते. या माणसानं शब्द वाचला नव्हता. पहिलं अक्षर बघून जे जे आठवेल ते म्हणून बघितलं होतं, कडी वाजायची थांबेपर्यंत.

मी सासूबाईंकरवी विचारलं की प्रत्येक अक्षर बघता ना? बाहेरून उत्तर आलं, आणि ते देताना त्यांच्या आवाजात कौतुकच होतं, बिचारीला एवढंही कळत नाही असं. ‘अक्षरं कोण बघत बसतंय? अक्षरं बघणारा बिगरीतला पोरगा. कागदाचा रोख बघायचा असतो. शेतकरी निघाला म्हटल्यावर तो कचेरीतच जाणार.’

तेव्हा मला सगळं उमगलं, आणि मी अक्षरशः हात टेकले. आयुष्यभर त्यांनी टिंबं नसलेले कागद वाचले होते. अर्धं अक्षर बघायचं आणि उरलेलं आपल्या माहितीतून भरायचं, हेच तर त्यांचं कसब होतं. त्यासाठीच लोक त्यांच्याकडं यायचे. ते मागासलेले नव्हते, वाचण्यात ते सगळ्यांच्या पुढं होते, आणि इंग्रजीत नेमकं तेच पुढं असणं त्यांच्या आड येत होतं. एखादा काहीच न येणारा पोरगा मला चालला असता. त्याला मी शिकवलं असतं. यांना जे येत होतं ते विसरायला कसं सांगू, तेही कडी वाजवून?

मग मी माझ्या परीनं नाना खटपटी केल्या. एका जुन्या पोस्टकार्डाला मधोमध खिडकी कापली, एका वेळी एकच शब्द दिसेल अशी. शब्दावर ठेवून, सरकवत सरकवत वाचायचं. ते कार्ड बाहेर पाठवलं. काही दिवसांनी झाडताना पाहिलं तर ते पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं. मग पाटीवर मराठीत लिहून पाठवलं, की अक्षराखाली बोट धरून वाचावं, ही विनंती. पाटी पुसून कोरी परत आली. सासूबाई म्हणाल्या, ‘काही बोलले नाहीत. पण आता असलं लिहू नको.’

मी सासूबाईंना सरळ विचारलं, ‘मी एकदाच समोर बसू का? पदर घेऊन बसते. बोट कुठं जातंय एवढं फक्त बघते.’ त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी देवळात चपला घालून जाते म्हटलं. ‘कुणी आलं तर? कचेरीतलं माणूस येतं, क्षेत्राचं गाव आहे, दिवसभर दाराशी कुणी ना कुणी. लोक म्हणतील, पेशकार सुनेपुढं धडे गिरवायलेत.’ त्या वाईट नव्हत्या. माझ्या केसांना तेल लावायच्या, मला माहेरची आठवण आली की ओळखायच्या. पण हे मागणं त्यांच्या हातातलं नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

नवरा तेरच्या शाळेत मास्तर होता, शनिवारी यायचा. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो मन लावून ऐकायचा, अगदी पटतंय असं तोंड करायचा आणि म्हणायचा, ‘बघू.’ एकदा मी त्याला ढकलूनच बाहेर पाठवलं. मी दाराआड कान देऊन उभी. तो बापासमोर गेला, उभा राहिला, तेरला नदीला पाणी किती आहे ते सांगितलं, कचेरीतलं कसं काय चाललंय विचारलं, आणि आत आला. म्हणाला, ‘आज त्यांची तब्येत जरा बरी दिसत नाही.’ मला त्या वेळी इतका राग आला होता की मी त्याला जेवताना दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही. एवढंच काय ते माझ्या हातात होतं.

परीक्षा जवळ आली तसं सगळं पुस्तक त्यांना पाठ झालं. आता कडी क्वचितच वाजायची. मामंजींची कळी खुलली होती. पण मला ठाऊक होतं की परीक्षेत हे पुस्तक नाही, न पाहिलेला कागद आहे. म्हणून मी नवऱ्याला एक इंग्रजी वर्तमानपत्र आणायला सांगितलं. तेवढं त्यानं आणलं. ते मी बघायच्या आत बाहेर गेलं आणि सकाळी मामंजी वाचायला बसले.

ते वाचत होते आणि मी आत बसले होते, कडी हातात धरून. काय करू? पेपर बाहेर, तो मी पाहिलेला नाही, त्यात काय छापलंय मला माहीत नाही. मामंजींचा आवाज मात्र खणखणीत चालला होता. गव्हर्नमेंट, मिनिस्टर, ऑर्डर, पब्लिक, सगळे मोठमोठे शब्द येत होते आणि वाक्यंही वाक्यांसारखीच वाटत होती. त्यातली छापलेली किती आणि त्यांची स्वतःची किती हे मला कळायला काही मार्ग नव्हता. कडी वाजवावी तर कुठं वाजवावी? मी वाजवलीच नाही. बराच वेळ वाचून त्यांनी पेपराची घडी केली आणि सासूबाईंना म्हणाले, ‘बघितलंस? एवढा पेपर वाचला, एकदाही कडी वाजली नाही.’

सासूबाई आत आल्या त्या डोळे पुसतच. म्हणाल्या, आज शिरा करू या.

मी रवा भाजायला घेतला. भाजता भाजता म्हटलं, ‘आत्याबाई, मला पेपर दिसतच नव्हता. त्यांनी बरोबर वाचलं की चूक, मला काय कळणार?’

त्यांनी वेलदोडे सोलायला घेतले. मग म्हणाल्या, ‘तुला दिसत नव्हता ना? मग चूक होती असं तरी कशावरून म्हणतेस?’

रवा तांबूस झाला होता. मी साखर घातली. शिरा बाहेर पाठवला, मामंजींनी दुसऱ्यांदा मागून घेतला. मी चुलीपुढं बसून रडले. धूर होता, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही.

परीक्षा उस्मानाबादला होती. मामंजी ठेवणीतला कोट घालून निघाले. बरोबर कचेरीतला शिपाई होता, माकणीकडचा शेतकरी घरातला माणूस, त्याला तिकडं कागद पोचवायचे होते. सासूबाईंनी दही दिलं, देवीचा अंगारा लावला. निघताना मामंजी दाराशी जरा थांबले. मी आत होते. त्यांनी बाहेरून म्हटलं, सासूबाईंना उद्देशून, ‘तिला सांग, कडी वाजायची नाही आज.’ त्यांना म्हणायचं होतं की आज चूक होणार नाही. मी कपाळाला हात लावून भिंतीला टेकले.

दुसऱ्या दिवशी मामंजी कचेरीत गेले असताना तो शिपाई घरी आला, देवीचं दर्शन करून. सासूबाईंनी त्याला गुळाचा चहा दिला आणि विचारलं, कसं झालं? मी दाराआड होते.

तो म्हणाला, ‘लई फर्डं वाचलं बगा आपल्या सायबांनी. आवाज तर असा की भाईर लोक थांबले. म्या दारातच हुभा व्हतो, पडद्यापाशी. पर एक कळंना झालं. एक वळ वाचायचे अन् थांबायचे. दाराकडं बगायचे. पुन्यांदा एक वळ, पुन्यांदा थांबायचे, पुन्यांदा दाराकडं. मला वाटलं, मलाच बोलवायलेत. म्या आत गेलो. त्यो मोठा सायेब माज्यावर खेकसला. भाईर आलो. पुन्यांदा आपले सायेब दाराकडं बगायले. म्हनलं पानी-बिनी पायजे आसंल. पुन्यांदा गेलो. मंग त्या सायबानं दारच लावून घ्याया लावलं.’

सासूबाई म्हणाल्या, ‘मग?’

‘मंग काय की. दार लागलं. आतून काय आवाजच यीना.’

मी आत उभी होते आणि माझा हात कडीवर होता, सवयीनं. मला ती खोली डोळ्यासमोर दिसली. प्रत्येक ओळीला थांबून ते आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही म्हणजे बरोबर, हे त्यांना पाठ होतं. पण ते दार परकं होतं, तिथं कडी वाजणारच नव्हती, चुकलं तरी नाही आणि बरोबर आलं तरी नाही. ते त्यांनाही तिथं बसल्यावर कळलं असणार. तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते मी आजही मनात आणू शकत नाही.

निकाल यायला वेळ लागला नाही. मामंजी कचेरीतून आले, कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि सासूबाईंना म्हणाले, ‘सोमवारपासून मागच्या खोलीत बसायचं आहे.’ बस, एवढंच. कुणावर चिडले नाहीत. सासूबाईच म्हणाल्या, वरच्यांनी मुद्दाम पाडलं असेल, मोगलाईतली माणसं त्यांना नकोच आहेत. मामंजी म्हणाले, ‘नाही. बरोबर पाडलं.’ ते उत्तर ऐकून मला वाटलं, त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर कागद घेऊन येणारी माणसं हळूहळू कमी झाली. आली तरी मामंजी म्हणायचे, आता कुणाकडून तरी मराठीत करून घ्या. सकाळचा वर्ग बंद पडला. पुस्तक कोनाड्यात पडून होतं, पोस्टकार्ड तसंच मधे. मी कडी वाजवायची ती ताटापुरती.

एका दुपारी सासूबाई शेजारणीबरोबर देवळात गेल्या होत्या. कचेरीला सुट्टी होती. मी भांडी पुसत होते. इतक्यात कडी वाजली. पलीकडून. त्या बाजूनं ती कुणी पुरुषानं वाजवलेली मी कधी ऐकली नव्हती. मी उभी राहिले. मामंजींचा आवाज आला, आणि मधे सासूबाई नव्हत्या, तो सरळ माझ्याशी बोलत होता. ‘बाहेर ये. समोर बस. आता कोण काय म्हणणार आहे?’

मी पदर ओढून बाहेर गेले. ते पाटावर बसले होते, गुडघ्यावर पुस्तक. मी समोर शहाबादी फरशीवर बसले. वाचताना चष्मा लावतात हे मला तोवर माहीत नव्हतं. ते पुस्तकाकडं बघत म्हणाले, ‘तुझं म्हणणं होतं ना, समोर बसून बघायचं? आता बघ. परीक्षा नाही, काही नाही. मला नुसतं शिकायचं आहे. चुकलं की तोंडानं सांग.’

हेच तर मी मागत होते, सासूबाईंजवळ, नवऱ्याजवळ, रोज मनातल्या मनात. त्यांनी पुढचं, कधी न वाचलेलं पान काढलं. बोट खरंच अक्षराखाली ठेवलं, बिगरीतल्या पोरासारखं, आणि सुरुवात केली. दोन शब्द नीट आले. तिसऱ्याला बोट मधेच थांबलं आणि आवाज पुढं निघून गेला, जुन्या सवयीनं, त्याच जुन्या डौलात. शब्द चुकला होता. कुठं चुकला, का चुकला, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. नुसतं म्हणायचं होतं, ‘मामंजी, हे अक्षर बघा.’

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. त्या माणसासमोर माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. ते वाचतच होते, दुसरी ओळ, तिसरी ओळ. मला रडू यायला लागलं. शेवटी मी काय केलं, तर हात खाली नेला आणि बांगड्या फरशीवर आपटल्या. खण्ण.

त्यांनी वाचायचं थांबवलं. पुस्तकावरून नजर काढली, माझ्याकडं न बघता माझ्या मागच्या दाराकडं बघितलं, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली, दुसराच एक शब्द घालून.